धुळे ते जळगाव, किटलीतल्या बोटुकलीसह

धुळ्याहून जळगावला एसटीने जायला दोन-अडीच तास पुरतात. मला यंदाच्या श्रावणात आख्खा दिवस लागला, कारण माझ्याजवळ जिवंत मासे होते. या रस्त्याने रोज शेकडो माणसं जातात आणि त्यांना त्यात लिहिण्यासारखं काही वाटत नाही. मलाही कधी वाटलं नव्हतं. पण परत आल्यावर वसतिगृहातल्या मुली विचारायला लागल्या आणि प्रत्येकीला थोडं थोडं सांगताना काहीतरी राहूनच जायचं. म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

मी जळगावच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आम्ही भोई. आमचं गाव धुळ्याच्या पलीकडे, पांझरेच्या खोऱ्यात. गावाला लागून पाटबंधाऱ्याचा तलाव आहे. तो इतकी वर्षं एका ठेकेदाराकडे असायचा आणि आमची माणसं रोजावर त्याची जाळी ओढायची. यंदा पहिल्यांदा तो आमच्या वस्तीच्या मच्छीमार सोसायटीला मिळाला, तोही एका वर्षापुरता. मासे नीट वाढले तर पुढे मिळणार, नाही तर पुन्हा ठेकेदार. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, सोसायटीचे चेअरमन आहेत. मत्स्यबीज कुठून आणायचं हे त्यांनीच ठरवलं होतं. नेहमीच्या ठिकाणाऐवजी एका नव्या केंद्रातून आणलं, आणि तिथे बाकीच्या जाती संपल्यामुळे सगळी पिल्लं मृगळाचीच मिळाली, म्हणजे मोठ्या होणाऱ्या, बाजारात चालणाऱ्या माशाची.

सोमवारी सकाळी वसतिगृहाच्या फोनवर नानांचा निरोप आला की दोन दिवसांची सुट्टी काढून ये. आजारी कोण आहे हे विचारायच्या आत फोन ठेवलेला होता. पारोळ्यापर्यंत मी एकेका माणसाचं नाव मनात घेत बसले होते.

तलावावर

आजारी कोणी नव्हतं. सगळी सोसायटी तलावाच्या काठावर उभी होती.

नवीन बीज एकदम तलावात सोडत नाहीत. आधी त्याला हाप्यात ठेवतात. हापा म्हणजे चार बांबूंना बांधलेली, उलटी करून पाण्यात बुडवलेली मच्छरदाणीच. त्यात बोटाच्या दोन पेरांएवढी पिल्लं, म्हणजे बोटुकली, काळ्या धुरासारखी फिरत होती. आबांनी वाटी बुडवून माझ्यासमोर धरली. आबा म्हणजे वस्तीतले सगळ्यांत वडील माणूस, नानांचे चुलते.

"हाई टिकली देख," ते म्हणाले. "शेपटीजोडे. ठेकेदारना मानूस काल उना व्हता. म्हने, हाई बठ्ठा कचरा मासा शे. बोटभर व्हई आनि तेवढाच ऱ्हाई."

"तो म्हनीच," नाना म्हणाले. "त्याले तलाव पाहिजे."

"त्यानं सोड. तू सांग, हाई काय शे?"

नानांनी वाटी उजेडाकडे धरली आणि परत दिली. आमची माणसं मोठा मासा नुसता हाताला लागला तरी नाव सांगतात. पण ही एवढीशी पिल्लं ठेकेदाराच्या बंद पिंपांतून यायची आणि त्याचीच माणसं ती सोडायची. ती जवळून कोणी बघितलीच नव्हती. कचरा मासा मात्र सगळ्यांना माहीत होता. काट्यांनी भरलेला, बाजारात कोणी विचारत नाही असा, आणि त्याच्या शेपटीजवळ खरंच काळी टिकली असते.

"पोर शिकस ना माशासनं," मागून कोणीतरी म्हणालं. "तिले इचार."

सगळे माझ्याकडे वळले. मृगळाच्या पिल्लालाही शेपटीजवळ डाग असतो हे मी वाचलं होतं. पण वाचलेला डाग आणि वाटीतला डाग एकच का, हे मला ठरवता येईना.

"माले नक्की माहीत नही," मी म्हणाले.

"मंग इतला वरीस शिकीसन काय कयं?" आबांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. मला तेच जास्त लागलं.

आणि मग मी नको ते बोलून गेले. आमच्या विभागात कॉम्प्युटर आला आहे आणि त्यात माशांची पिल्लं ओळखायचा एक कार्यक्रम आहे, असं सांगितलं. मी तो एकदाच पाहिला होता, तोही चार मुलींच्या डोक्यांमागून. पण वस्तीत एकदम हायसं वाटल्याचं मला दिसलं. कॉम्प्युटर सांगतो म्हटल्यावर कोणाला नानांकडे बोट दाखवावं लागणार नव्हतं.

"शुक्रवारलोंग वाट देखसूत," आबा म्हणाले. "मंग यासले हाप्यामा ठेवता येवाव नही. मरतीन." शुक्रवारी कचरा आहे असं ठरलं तर हापा काठावर रिकामा करायचा, नवं बीज मिळेल तर बघायचं, आणि श्रावण संपत आला असताना ते मिळणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

रात्री नानांनी अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली.

धुळे स्टँड

पिल्लं जिवंतच न्यायला हवी होती. स्पिरिटमध्ये घातली की रंग उतरतो, डाग फिके पडतात, असं सरांनी शिकवलं होतं. आईने दुधाची जुनी ॲल्युमिनियमची किटली घासून दिली. तीत तलावाचं पाणी, ओंजळभर पिल्लं आणि तोंडाला ओलं फडकं. पिल्लांना रात्रीपासून खायला काही दिलं नाही, म्हणजे पाणी घाण होत नाही. माझ्यासाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा होता.

धुळ्यापर्यंत दुधाच्या गाडीतून आले. तिथे किटल्यांमध्ये एक किटली जास्त, कोणी विचारलं नाही. जळगावच्या एसटीत मात्र कंडक्टरने दारातच अडवलं.

"यात काय आहे?"

"पाणी."

"पाण्याला फडकं कशाला?"

मला खोटं पटकन सुचत नाही. "मासे आहेत," मी म्हणाले. "जिवंत. एवढेएवढेच."

"श्रावणात?" त्याने गाडीत बघून आवाज खाली केला. "बाई, आत उपासाच्या बाया बसल्यात. त्यांना वास आला तर मलाच उतरवतील."

"वास येत नाही, बघा ना."

"मी कशाला बघू? माझाही सोमवार गेलाय कालच."

पुढची गाडीही तशीच गेली. मग एका हमालाने सांगितलं की रेल्वेने चाळीसगावला जा, तिथून जळगावची पॅसेंजर मिळेल, गाडीत किटल्यांना कोणी बोलत नाही. उलटी वाट होती. पण माझ्याजवळ दुसरी नव्हती.

धुळे-चाळीसगाव गाडी सावकाश जाते आणि प्रत्येक ठिकाणी जणू ख्यालीखुशाली विचारते. दोन्हीकडे कपाशी गुडघ्याएवढी झाली होती. मी किटली दोन पायांत धरून बसले होते. गाडी गचकली की पाणी फडक्यातून वर यायचं आणि माझा जीवही. गिरणेचा पूल आला. नदीला गढूळ पाणी भरून होतं. त्या क्षणी मला वाटलं की फडकं सोडून किटली खिडकीतून उपडी करावी. पिल्लं नदीत जातील, सांडली म्हणून सांगता येईल, आणि मला काहीच ठरवावं लागणार नाही. पूल संपेपर्यंत मी फडक्याच्या गाठीवर हात ठेवून होते.

चाळीसगाव

चाळीसगावला जळगावची गाडी उशिरा होती. किती उशिरा ते कोणी सांगेना. पत्र्याखाली ऊन साचलं होतं. मी फडकं उचललं तर सगळी पिल्लं वर येऊन तोंडं उघडमीट करत होती. दोन-तीन आडवी झाली होती. पाण्यातली हवा संपत आली होती.

नळाकडे धावले. पाण्याला ब्लीचिंग पावडरचा भपकारा होता. ते घातलं असतं तर पाच मिनिटांत खेळ आटोपला असता. मी नळासमोर किटली घेऊन नुसतीच उभी राहिले.

"नळ सुरू आहे बेटी, भरून घे ना. लाइन लागलीय मागे."

बाकावर एक मारवाडी बाई बसल्या होत्या. पांढऱ्याच्या जवळ जाणारी फिकी साडी, शेजारी पितळी डबा आणि कापडात गुंडाळलेली पाण्याची मोठी चरवी. लेकीला भेटून धुळ्याहून परत पाचोऱ्याला निघाल्या होत्या. पाचोऱ्याला त्यांचं कापडाचं दुकान होतं, हे नंतर कळलं.

"हे पाणी चालत नाही," मी म्हणाले. "यात जीव आहेत."

त्या उठून आल्या, वाकून किटलीत बघितलं आणि एकदम मागे सरल्या. मला वाटलं, आता ओरडतील.

"जिवंत आहेत?"

"हो. पण मरायला लागलेत."

"कशाला नेतेस? मारायला?"

"नाही. ओळखायला. कोणत्या जातीचे आहेत ते बघायचंय."

"आणि मग?"

मग काय, हे मी ठरवलं नव्हतं. विभागात बघून झालं की पिल्लं बरणीत जातात. पण त्या बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "मग परत तलावात सोडणार," मी म्हणाले.

"मारणार नाहीस?"

"नाही."

"मोठे झाल्यावर?"

आमच्या घराची चूल माशांवर चालते, हे चाळीसगावच्या फलाटावर कसं सांगायचं मला सुचेना.

"ते तेव्हाचं तेव्हा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आज नाही ना? बस." आणि त्यांनी चरवी पुढे केली. "हे घे. लेकीकडच्या विहिरीचं आहे. दोनदा गाळलंय, उकळलंय. चौमासा आहे ना, आम्ही उकळलेलंच पितो. याहून शुद्ध पाणी तुला इथे मिळणार नाही."

मला रडू यायचं बाकी राहिलं. उकळलेल्या पाण्यात हवाच नसते. गार झालं तरी सहजासहजी परत येत नाही. ते पाणी शुद्ध होतं आणि माझ्या पिल्लांना तसंच्या तसं निरुपयोगी होतं. पण त्यांनी स्वतःच्या पिण्याचं पाणी पुढे केलं होतं. मी चाचरत सांगितलं की पाणी फार चांगलं आहे, पण त्यात हवा घालावी लागेल.

"हवा कशी घालतात पाण्यात?"

"उंचावरून ओतायचं. या भांड्यातून त्या भांड्यात. चहा निववतात तसं."

त्यांनी डब्याची दोन झाकणं काढली, रिकामा पेला काढला आणि मांडी घालून खाली बसल्या. एक मी ओतायचे, एक त्या. हात उंच करून, धार लांब करून. शेजारच्या बाकावरचा एक माणूस उठून विचारायला लागला की चहा कुठे आहे.

"चहा नाही हो," बाई म्हणाल्या. "मासे पाणी पिणार आहेत."

"मासे आणि पाणी पिणार?"

"तुम्ही नाही का पीत? बसा, दोन हात लावा. पुण्य लागेल."

तो खरंच बसला. घोटघोट करून आम्ही ते पाणी किटलीत मिसळलं, एकदम नाही, तलावाच्या पाण्याची त्यांना सवय होती. थोड्या वेळाने पिल्लं खाली जाऊन फिरायला लागली. आडवी झालेल्यांतली दोन उठली. एक उठलं नाही. बाईंनी त्याच्याकडे बघून हात जोडले.

गाडीत त्यांनी खाखरा दिला. मी माझी भाकरी काढायला लाजत होते, तर म्हणाल्या, "खा ग. ठेच्यात लसूण आहे ना? मला चालत नाही, पण वास चालतो." पाचोरा येईपर्यंत त्या दर स्टेशनाला विचारत होत्या, "फिरतायत का?" उतरताना त्यांनी फक्त किटलीकडे बोट केलं आणि मी मान हलवली. त्यांच्यामुळे ती पिल्लं आता मला मारता येणार नव्हती, आणि त्यामुळे पुढचं काम किती अवघड होणार आहे याची मला अजून कल्पना नव्हती.

वसतिगृहात पिल्लं बादलीत ठेवली. खोलीतली मैत्रीण मुक्ताईनगरकडची. तिची बोली आमच्याहून अगदी वेगळी. तिने दार उघडलं आणि तिथेच थांबली.

"आंघोळीच्या बादलीत मासे ठेऊ रायली काय वं?"

"फक्त आजच्या दिवस."

"आन मी सकायी कशात आंघोळ करू? तुह्या किटलीत?" तरी तीच पहाटे दोनदा उठून पेल्याने पाणी वरखाली करत होती.

कॉम्प्युटरची खोली

आमच्याकडे कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जातात. पडदे लावलेले, यंत्रावर शिवलेलं कापड, आणि आत शिरताना आवाज आपोआप बारीक होतो. सरांनी फ्लॉपी घातली, मला बसवलं आणि दहाच्या तासाला निघून गेले.

ज्यांनी हा कार्यक्रम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. पुस्तकात मासा ओळखायची वाट ठरलेली असते. मिशा आहेत का, असतील तर या ओळीवर जा, नसतील तर त्या ओळीवर. एक वळण चुकलं की भलत्याच गावाला पोचायचं. इथे ठरलेली वाट नाही. पडद्याच्या एका बाजूला लक्षणं असतात, दुसऱ्या बाजूला माशांची नावं. आपल्याला जे दिसतंय ते निवडायचं. प्रत्येक उत्तराबरोबर न जुळणारी नावं गळून खाली जातात आणि वर थोडीच उरतात. कुठूनही सुरू करा, वाटेल ते सोडा.

सोडा, हेच मला कळलं नाही. दहावीपासून आमच्या घरात परीक्षेबद्दल एकच सूचना होती. ती नानांना कोणीतरी सांगितली होती आणि ते मला दर पेपरला सांगायचे: एकही प्रश्न सोडायचा नाही, येत नसला तरी काहीतरी लिहून यायचं. मी तशीच बसले. शेपटीजवळ डाग? आहे. तोंडाजवळ मिशा?

पिल्लू काचेच्या बशीत थोड्या पाण्यात भिंगाखाली होतं, आणि ते जिवंत होतं. स्थिर राहीना. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. मिशा काही दिसेनात. मी लिहिलं: नाहीत.

नावं भराभर खाली गेली. वर एकच उरलं. मी ते इंग्रजी नाव अक्षर अक्षर लावून वाचलं, शेजारचं चित्र बघितलं. कचरा मासा.

नाव मी पुन्हा एकदा लावून वाचलं. नंतर पडदा एकदम काळा झाला. लाइट गेली होती.

एक वाजता नाना गावातल्या किराणा दुकानाच्या फोनजवळ थांबणार होते. साडेबारा झाले, लाइट आली नाही. मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले. पहिल्या घंटीलाच फोन उचलला गेला.

"बोल माय. तुना कॉम्प्युटर काय म्हनस?"

माझ्याजवळ उत्तर होतं. पलीकडे दुकानातल्या माणसांचं बोलणं थांबल्याचं ऐकू येत होतं.

"आजून काही म्हनत नही, नाना. लाइट गयी."

"बरं," ते म्हणाले. "तू जेवनी का?"

परत येताना मी रस्ता ओलांडताना दोनदा हॉर्न खाल्ला.

सर प्रयोगशाळेत होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मिशांवरून एवढ्याशा पिल्लाचं काय सांगणार? पाठीवरच्या पराच्या काड्या मोज. त्या लपत नाहीत."

"ती हलतात, सर. आणि मारायची नाहीत."

"का?"

मी चाळीसगावच्या बाईंबद्दल सांगितलं. मला वाटलं, हसतील. ते म्हणाले, "मेलेलं एकही नाही का?"

होतं. फलाटावर न उठलेलं पिल्लू मी ओल्या कापसात ठेवून आणलं होतं, का ते मलाही माहीत नव्हतं. आमचा जुना सूक्ष्मदर्शक आरशाचा आहे, त्याला वीज लागत नाही. तो खिडकीत ठेवला, आरसा उजेडाकडे वळवला आणि सुईच्या टोकाने पर पसरला. कचरा माशाला तिथे अकरा काड्या असतात. मी मोजत गेले. अकरा झाल्या. सुई पुढे सरकली. पंधरा. पुन्हा मोजल्या. पंधरा. सरांना मोजायला लावल्या.

लाइट आली तेव्हा मी धावत जाऊन सकाळचीच उत्तरं दिली आणि त्यात काड्या पंधरा घातल्या. उरलेलं एकमेव नावही खाली गेलं. वर शून्य.

"असा मासाच नाही म्हणतोय," मी म्हणाले.

"मासा समोर आहे. म्हणजे तुझं एखादं उत्तर चुकलंय," सर म्हणाले. "कशाची खात्री आहे?"

"काड्यांची. डागाची."

"मिशा नव्हत्या हे तू पाहिलंस?"

"दिसल्या नाहीत."

"मी तुला काय विचारलं?"

मी खाली बघितलं. मग मिशांचं उत्तर काढून टाकलं. ती रिकामी जागा पेपर कोरा दिल्यासारखी दिसली. पण खालून नावं वर आली, आणि डाग आणि काड्या दोन्ही जुळतील असं त्यांत एकच होतं. मृगळ. खिडकीत जाऊन मेलेल्या पिल्लाचं तोंड पुन्हा पाहिलं, तर वरच्या ओठाच्या कडेला केसाच्या टोकाएवढी मिशी होती.

बाकीची पिल्लं पांढऱ्या ताटलीत एकेक करून बघितली. आता काय बघायचं ते कळत होतं. सगळी तशीच होती. एक सोडून. त्याला शेपटीजवळ तर टिकली होतीच, पण पाठीवरच्या पराच्या बुडाशीही दुसरी होती. तो खराखुरा कचरा मासा होता.

"म्हणजे मिसळलेलं आहे," मी म्हणाले.

"थोडं असतंच. किती ते इथून कळणार नाही," सरांनी त्यांचं भिंग मला दिलं. "जाऊन बघ."

पुन्हा तलावावर

परतीच्या एसटीत मी कंडक्टरला दूध म्हणून सांगितलं.

गुरुवारी सकाळी मी पोचले तेव्हा हाप्याच्या कोपऱ्यात मेलेली पिल्लं तरंगायला लागली होती. शुक्रवारची वाट बघायला वेळ नव्हता. आधी किटलीतली पिल्लं हाप्यात सोडली, ते दोन टिकल्यांचं पिल्लू वगळून.

"मी नेलेली मृगळ व्हती," मी सांगितलं. "एक कचरा व्हता."

"आनि हाई बठ्ठी?" आबांनी हाप्याकडे हात केला.

"माहीत नही. देखनं पडी."

माझी नजर नानांकडे गेली, पण ते पाण्याकडे बघत होते. बीज त्यांनी आणलेलं, म्हणून त्या दिवशी ते एक शब्द बोलले नाहीत, हाप्याला हातही लावला नाही.

आईची पांढरी थाळी आणली. हाप्याच्या चारही कोपऱ्यांतून, वरून आणि तळातून, आबांनी स्वतः वाट्या भरल्या. मी एक टिकली आणि दोन टिकल्या दाखवल्या. मग थाळीभोवती बायकाच बसल्या, कारण तांदूळ निवडायची नजर त्यांची. एकीने पहिल्या वाटीत एकही दोन टिकल्यांचं न मिळाल्यावर विचारलं, "मना डोया गया का काय?" दुसरी म्हणाली, "तुना गया नही, तुले सोनं शोधानं शे का?" पुढच्या वाटीत एक निघालं, त्यापुढच्या वाटीत दोन. काही वाट्यांत एकही नाही. मधून मधून मी भिंगाने काड्या बघत होते. आबांनाही दिलं. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "माले ते नुसतं पानी दिखस." सगळे हसले. सोमवारपासून पहिल्यांदा.

ऊन चढलं. हाप्यात पिल्लं वर यायला लागली.

"बरं," आबा उभे राहिले. "चेअरमन ते बोलस नही. पोर, तू सांग. सोडानं का फेकानं?"

"मी जितला देखं, त्यामा मृगळच जास्त शे," मी म्हणाले. "बाकी मी देखं नही. पन सोडा, आबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. नंतर मला कळलं की त्यांना माझ्याकडून ठाम हो हवं होतं. ते मला देता आलं नाही. त्यांनी धोतर वर खोचलं, पाण्यात उतरले आणि एका बांबूची दोरी सोडली. दुसरी कोणीतरी सोडली. हाप्याची एक कड पाण्याखाली गेली. पिल्लं आधी कोपऱ्यातच दाटून राहिली, मग एका बाजूने पातळ व्हायला लागली, आणि थोड्याच वेळात आबा रिकामं कापड हातात धरून उभे होते.

त्यांनी पलीकडच्या काठावर बसलेल्या बगळ्यांकडे बघितलं, आणि त्याही पलीकडे, ठेकेदाराच्या जुन्या झोपडीकडे.

"आते हाई मासा आपलाच शे," ते म्हणाले. "रातले मी बठसू आठे. उद्या दुसरा कोन येस ते सांगा."

दोघा-तिघांनी एकदम नावं सांगितली. पाळ्या लागल्या. नानांनी बांधावर बसून भाकरीचं फडकं सोडलं आणि दोन भाकरी खाल्ल्या. मलाही त्यांनी बोलावलं. मी बसले, पण माझा घास तोंडातच फिरत होता. मृगळ हाताएवढा व्हायला वर्ष लागतं. मी चुकले असेन तर ते कळायलाही तेवढंच.